दमणारा उजेड

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना मी आण्णांसाठी एक टॉर्च घेऊन गेले. तळहातात मावणारा, काळ्या ॲल्युमिनिअमचा, यूएसबीवर चार्ज होणारा. खोक्यावर ठळक आकड्यांत ४००० ल्युमेन लिहिलेलं. घरात तोवर स्टीलचा दोन सेलचा टॉर्च होता, माझ्या जन्माच्याही आधीचा. मी नोकरीला लागल्यापासून तो बदलायचं माझ्या डोक्यात होतं.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. शेतीच्या मोटारीला थ्री फेज वीज पाळीने येते, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की आण्णा साडेबारा-एकला उठतात, विहिरीवर जाऊन मोटार चालू करतात आणि उसात दारं धरतात. वाटेत पाट, बांध, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. साप नेहमीचेच. बिबट्यांबद्दल इतकंच सांगते की तालुक्यात माणिकडोहला त्यांच्यासाठी वेगळं निवारा केंद्र आहे.

त्या रात्री आण्णा नवा टॉर्च घेऊन निघाले. बटण दाबलं तेव्हा अख्खं रान उजळलं म्हणे. विहिरीच्या निम्म्या वाटेवर उजेड आपोआप खाली आला आणि टॉर्च चहाच्या ग्लासासारखा तापला. बिघडला असं वाटून त्यांनी बटण भराभर दोन-तीनदा दाबलं, तर तो लग्नाच्या वरातीतल्या लायटिंगसारखा लपलपायला लागला. नेमकं तेव्हाच उसात काहीतरी खसपसलं. डुक्कर होतं, कुत्रं होतं की आणखी काही, ते कळलं नाही, कारण लपलपत्या उजेडात काहीच नीट दिसत नव्हतं. त्यांनी टॉर्च बंद केला. डोळे दिपलेले, त्यामुळे अंधार आणखी दाट. पायाने पाटाची कड चाचपत ते मोटारीच्या खोलीपर्यंत गेले.

सकाळी त्यांनी टॉर्च माझ्यासमोर टेबलावर ठेवला. रागावले नव्हते. म्हणाले, “तुझी बॅटरी भारी हाय गं, पण लवकर दमती.”

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वापरणाऱ्याने तक्रार केली की ‘तुम्ही चुकीचं बटण दाबलंत’ असं म्हणायची आम्हाला खोड असते. माझ्या तोंडावर तेच आलं होतं, पण ‘दमती’ हा शब्द डोक्यात राहिला. पुण्याला परतल्यावर टॉर्च का दमतो हे शोधायला बसले, आणि शोधत शोधत सव्वाशे वर्षं मागे गेले.

नावातच कबुली

अमेरिकेत टॉर्चला फ्लॅशलाइट म्हणतात. फ्लॅश म्हणजे क्षणभर चमकणारा उजेड. हे नाव जाहिरातवाल्यांनी झोकात ठेवलेलं वाटतं, पण मुळात ती कबुली होती. सुरुवातीचे टॉर्च क्षणभरच चमकायचे.

१० जानेवारी १८९९ रोजी डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाला अमेरिकेत एक पेटंट मिळालं. कागदी नळी, तिच्यात एकामागे एक ठेवलेले सेल, पुढे छोटा बल्ब आणि पितळी परावर्तक. आजच्या कुठल्याही टॉर्चचा आराखडा त्यात जवळजवळ जसाच्या तसा दिसतो. पेटंट गेलं ते न्यूयॉर्कच्या एका कंपनीकडे. तिचा मालक कॉनरॅड ह्यूबर्ट. मूळ नाव अकिबा होरोवित्झ, मिन्स्कहून आलेला स्थलांतरित. त्याने काही टॉर्च न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरायला दिले आणि त्यांच्या पसंतीचा जाहिरातीत उपयोग केला. पुढे १९०५ मध्ये या कंपनीचं नाव ‘अमेरिकन एव्हर रेडी’ झालं. आपल्याकडच्या लाल सेलवरचं नाव ते हेच.

या टॉर्चला आपल्यासारखं चालू-बंदचं बटण नव्हतं. धातूची कडी पट्टीवर दाबायची, दाबलीत तेवढा वेळ उजेड. सोय म्हणून हे वाईटच, पण त्याला कारण होतं. आत दोन दमेकरी होते.

पहिला दमेकरी सेल. फ्रान्सच्या जॉर्ज लक्लांशेने १८६६ मध्ये जस्त आणि कार्बनचा सेल बनवला. तो ओला होता, त्यात नवसागराचं पाणी असायचं, त्यामुळे खिशात घालून फिरता येत नसे. १८८६ मध्ये जर्मनीच्या कार्ल गासनरने त्यातलं पाणी लगद्यात बांधून कोरडा सेल केला. तो आडवा करा, उलटा करा, सांडत नाही. या एका गोष्टीशिवाय टॉर्च शक्य नव्हता. पण दोन्हींचा स्वभाव एकच. सलग वीज ओढली की आतल्या कार्बनच्या कांडीभोवती हायड्रोजन साठतो आणि प्रवाह अडतो. तो हायड्रोजन शोषून घ्यायला कांडीभोवती मँगनीज डायऑक्साइड भरलेला असतो, पण त्याचं काम सावकाश चालतं. सेलला थोडी विश्रांती दिली की तो पुन्हा उभारी धरतो. आण्णांचा शब्द इथे अगदी शब्दशः लागू पडतो. हा सेल खरोखरच दमतो, आणि बसून दम खाल्ला की पुन्हा चालतो.

लहानपणी आमच्याकडे मंद झालेले सेल अंगणात उन्हात ठेवायचे. आजी म्हणायची, ऊन खाऊन सेल ताजे होतात. कॉलेजात मला ती अंधश्रद्धा वाटायची. ती अर्धी खरी निघाली. विश्रांती आणि ऊब या दोन्हींमुळे आतली रासायनिक क्रिया थोडी सुधारते, म्हणून सेल आणखी काही मिनिटं चालतो. संपलेला ऐवज मात्र परत येत नाही.

दुसरा दमेकरी बल्ब. त्यातली तार कार्बनची, नाजूक आणि खादाड. बरीचशी वीज उष्णतेत घालवून थोडासा पिवळा उजेड द्यायची. १९१० च्या सुमारास टंगस्टनच्या तारा आल्या तेव्हा तेवढ्याच विजेत जास्त उजेड मिळायला लागला आणि टॉर्च ‘चमकण्या’ऐवजी ‘जळत’ राहू शकला. मग सरकवायचं बटण आलं. नाव मात्र फ्लॅशलाइटच राहिलं.

लाल सेल

अमेरिकन एव्हर रेडी ही कंपनी नॅशनल कार्बनने विकत घेतली आणि १९१७ मध्ये नॅशनल कार्बन युनियन कार्बाइड या मोठ्या समूहाचा भाग झाली. भारतात या समूहाची कंपनी १९३४ मध्ये कोलकात्यात सुरू झाली. तोवर आपल्याकडे रात्रीचा उजेड म्हणजे कंदील. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील जुन्या पिढीतल्या कुणालाही विचारा. कंदील रात्रभर जळतो, पण त्याचा उजेड चारही बाजूंना सांडतो, वाऱ्याने फडफडतो, आणि धरणाऱ्याच्याच डोळ्यांवर येतो. टॉर्च वेगळा होता. तो बोट दाखवावं तसा उजेड दाखवायचा. शाळेच्या पुस्तकात त्याला विजेरी म्हणत आणि गावात नुसतं बॅटरी. आत घालायचे ते सेल.

ही भारतीय कंपनी पुढे युनियन कार्बाइड इंडिया झाली. सेल विकता विकता तिने भोपाळमध्ये कीटकनाशकांचा कारखाना काढला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री त्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि झोपेतली हजारो माणसं गेली. १९९४ मध्ये मूळ अमेरिकन कंपनीने आपला भारतीय हिस्सा विकला आणि सेलचा धंदा एव्हरेडी इंडस्ट्रीज या नावाने चालू राहिला. आमच्या स्टीलच्या टॉर्चमध्ये कुठल्या वर्षी कुठले सेल होते हे आता सांगता येणार नाही. पण घराघरातला उजेड आणि ती रात्र एकाच ताळेबंदात होती, हे कळल्यावर मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. टॉर्चचा इतिहास लिहायचा तर हा परिच्छेद गाळता येत नाही.

उजेडाचा भाव उतरला, उष्णतेचा चढला

आमच्या जुन्या टॉर्चचं गणित मी मांडलं. दोन सेल म्हणजे तीन व्होल्टपेक्षा थोडं कमी, बल्ब साधारण अर्धा अँपिअर ओढणारा. म्हणजे सव्वा वॅटच्या आसपास, आणि उजेड दहा-पंधरा ल्युमेन. आजच्या हिशेबाने हे काहीच नाही. तरी आण्णांनी त्यावर पंचवीस वर्षं दारं धरली.

मधल्या पायऱ्या पटकन सांगते. १९७९ मध्ये अमेरिकेत अँथनी मॅग्लिकाचा मॅगलाइट आला. ॲल्युमिनिअमचं नीट कातलेलं अंग, पाणी आत न शिरणारं, पडला तरी चालणारा. तोवर टॉर्च ही फेकून देण्याची वस्तू होती, त्याने ती जपण्याची केली. १९८४ मध्ये त्याचा दोन पेन्सिल सेलचा छोटा भाऊ आला. त्याच दशकात शुअरफायरने लिथियम सेलवर चालणारे बोटभर लांबीचे टॉर्च काढले. त्यांचे साठ-पासष्ट ल्युमेन तेव्हा डोळे दिपवणारे होते. रोज खिशात टॉर्च बाळगायचा हा शौक तिथून जोर धरू लागला.

खरी उलथापालथ दोन शोधांनी झाली. १९९१ मध्ये सोनीने लिथियम आयन सेल बाजारात आणला. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी तेजस्वी निळा एलईडी बनवला. निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर चढवला की पांढरा उजेड मिळतो, आणि १९९६ मध्ये निचियाने तसा पांढरा एलईडी आणला. निळ्या एलईडीला २०१४ चं नोबेल मिळालं, लिथियम आयनला २०१९ चं. तुमच्या हातातल्या फोनमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत आणि खिशातल्या टॉर्चमध्ये या दोन्हींशिवाय फारसं काही नसतं.

१८९९ चे दोन्ही दमेकरी असे संपले. आजचा १८६५० सेल, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, बारा वॅट-तासांच्या वर वीज साठवतो आणि मागितली की भसाभस देतो. एलईडी एका वॅटमागे शंभर किंवा त्याहून जास्त ल्युमेन देतो. मग आण्णांचा टॉर्च दमला कसा?

उत्तर जुन्या बल्बच्या एका गुणात आहे. बल्ब उष्णता वाया घालवायचा, पण ती अवरक्त किरणांच्या रूपाने बहुतेक उजेडासोबतच बाहेर टाकायचा. एलईडीचा उजेड मात्र थंड असतो आणि त्याची उष्णता चिपच्या पाठीमागून टॉर्चच्या अंगात उतरते. म्हणजे धरणाऱ्याच्या हातात.

हिशेब करा. ४००० ल्युमेनला साधारण ४० वॅट लागतात. त्यातला सुमारे ३० टक्के उजेड धरला तर २८ वॅट उष्णता उरते. टॉर्चचं ॲल्युमिनिअम १०० ग्रॅम धरलं तर ते एक अंशाने तापायला ९० ज्यूल पुरतात. म्हणजे दर तीन-सव्वातीन सेकंदांना एक अंश. तिशीतून साठीत जायला पावणेदोन मिनिटंही लागत नाहीत. एवढुशा अंगातून हवेत निघून जाते ती तीन-चार वॅट उष्णता, हातात धरला तर थोडी जास्त. म्हणून आतला मायक्रोकंट्रोलर तापमान बघतो आणि उजेड उतरवतो. तो बिघडलेला नसतो. तो स्वतःला आणि तुमच्या तळहाताला वाचवत असतो. अशा आकाराचा टॉर्च सलग देऊ शकतो ते पाच-सहाशे ल्युमेन. बाकीचे साडेतीन हजार फक्त चमकण्यापुरते.

म्हणजे आपण फिरून तिथेच आलो. १८९९ मध्ये सेल दमायचा म्हणून उजेड क्षणभर चमकायचा, आता टॉर्च तापतो म्हणून क्षणभर चमकतो. फरक एवढाच की तेव्हा ही गोष्ट नावातच सांगितली होती. आता खोक्यावर क्षणाचा आकडा ठळक असतो आणि तो क्षणाचा आहे हे बारीक अक्षरांत.

खोकं कसं वाचायचं

या बारीक अक्षरांसाठी अमेरिकेत २००९ मध्ये एफएल-१ नावाचं मानक आलं. ते ऐच्छिक आहे, पण चांगल्या कंपन्या त्याची चिन्हं खोक्यावर छापतात. त्यातल्या तीन व्याख्या कळल्या की निम्मं काम झालं.

ल्युमेन मोजायचे ते टॉर्च लावल्यावर तीस सेकंदांनी. म्हणजे तिसाव्या सेकंदापर्यंत तग धरलीत की आकडा तुमचा, पुढचं विचारत नाही. चालण्याचा वेळ मोजायचा तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ‘४००० ल्युमेन, दीड तास’ याचा अर्थ एक मिनिट ४००० आणि उरलेला वेळ पाचशे, असाही असू शकतो, आणि ते खोटं ठरत नाही. झोताचा पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. खोक्यावर ३०० मीटर लिहिलं असेल तर तीनशे मीटरवरचं झाड चांदण्यात दिसावं तसं दिसेल, त्याखाली काय बसलंय ते दिसेलच असं नाही.

शिवाय डोळ्यांचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. उजेड चौपट केला तर डोळ्यांना तो जेमतेम दुप्पट वाटतो. ५०० आणि १००० मधला फरक आकड्यात मोठा, वाटेवर किरकोळ.

मी तो टॉर्च घरीच तपासला. रात्री बाथरूममध्ये टॉर्च छताकडे तोंड करून ठेवला, बाजूला फोन ठेवून लक्स मोजणारं ॲप चालू केलं आणि दर दहा सेकंदांनी आकडा लिहिला. यातून खरे ल्युमेन कळत नाहीत, पण उजेडाची उतरण कळते. दोन मिनिटं व्हायच्या आत उजेड सुरुवातीच्या चौथ्या हिश्श्याखाली आला होता. ऑफिसात आम्ही सर्व्हर तपासतो तेव्हा तो एका क्षणाला किती भार झेलतो एवढ्यावर थांबत नाही, तासभर किती झेलतो ते बघतो. टॉर्च घेताना मात्र मी फक्त शिखराचा आकडा पाहून पैसे दिले होते.

मग बटणाचा प्रश्न. छोट्या ताकदवान टॉर्चमध्ये अँड्युरिल नावाचं मुक्त-स्रोत फर्मवेअर बरंच वापरलं जातं. सिलीन टॉयकीपर या प्रोग्रामरने ते लिहिलंय, आणि कोड कुणालाही वाचता येतो. एटीटायनी-८५ सारख्या चिपवरही ते चालत आलंय. ८ किलोबाइट जागा आणि ५१२ बाइट मेमरी, आमच्या ऑफिसच्या साध्या लॉगिन पानावरचा लोगोही यात मावणार नाही. मी तो कोड वाचत बसले आणि एका जागी थांबले. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत एक ‘साधी पद्धत’ आहे. तिच्यात उजेडाला वरची मर्यादा घातलेली असते आणि लपलपणारे प्रकार बंद असतात. टॉर्च नवा असतो तेव्हा याच पद्धतीत असतो. दुसऱ्याच्या हातात द्यायचा तर असाच द्यावा, हा विचार एका प्रोग्रामरने त्या इवल्याशा जागेत बसवला होता. मी दिवाळीत दिलेल्या टॉर्चमध्ये हे फर्मवेअर नव्हतं. असतं तरी मी ते सगळ्यात वरच्या पद्धतीत टाकूनच दिलं असतं, हेही मला माहीत होतं. कारण देताना मला आण्णांची वाट दिसत नव्हती, त्यांचं थक्क झालेलं तोंड दिसत होतं.

दुसरा टॉर्च

संक्रांतीला जाताना मी आण्णांना फोन करून आधी विचारलं, “वाटेवर तुम्हाला नक्की काय दिसायला हवं?”

ते म्हणाले, “पायापुढचं दिसाया पायजे. पाटाची कड दिसली पायजे. आन् बांधाच्या त्या टोकाला काय हाय ते एकदा बघितलं की झालं.”

त्यांनी एका दमात सगळ्या अटी सांगितल्या होत्या. पायापुढचं म्हणजे रुंद पसरणारा उजेड, नुसता लांबचा झोत नाही. बांधाचं टोक म्हणजे शंभरेक मीटर पल्ला पुरे. सलग दोन-तीन तास न उतरता टिकणारे तीनशे-चारशे ल्युमेन. त्यासाठी थोडं मोठं, जड अंग आणि २१७०० चा सेल. मातकट जमिनीवर मातकट रंगाची घोणस ओळखायची तर रंग खरे दाखवणारा, किंचित पिवळसर उजेड बरा. मागे एकच बटण, दाबलं की चालू आणि पुन्हा दाबलं की बंद. लपलप नाही. पाण्यात पडला तरी चालायला हवा, कारण तो पाटात पडणारच. अशा टॉर्चच्या खोक्यावर मोठा आकडा नसतो. दुकानदाराने मला त्याच किमतीत दुप्पट ल्युमेनचा दाखवला. मी नको म्हणाले.

त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. मी आण्णांबरोबर गेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. एकला निघालो, साडेतीनला परतलो. ते पाण्याला वाट करून देत सरीतून पुढे जायचे, मी बांधावर टॉर्च धरून उभी. थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. उजेड होता तेवढाच राहिला, अंग जेमतेम कोमट झालं. उसात दोनदा खसपसलं. दोन्ही वेळा मी झोत तिकडे नेला. एकदा मांजर होतं. एकदा काही दिसलं नाही, आणि आण्णा म्हणाले, “ऱ्हाऊ दे, त्याचं त्याला जाऊ दे.”

त्या अडीच तासांत मला कळलं ते असं की टॉर्च कितीही चांगला निवडला तरी प्रश्न टॉर्चचा नाही. पासष्टीच्या माणसाला रात्री एक वाजता उसात जावं लागतं, कारण वीज तेव्हा येते. दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणी माझ्या लहानपणापासून ऐकते आहे. ती पुरी होईपर्यंत मला एवढंच करता येतं की निदान त्यांच्या हातातला उजेड दमू नये.

परत आल्यावर आण्णांनी टॉर्च मोटारीच्या खोलीतल्या प्लगला चार्जिंगला लावला. घरी का नाही लावत, असं मी विचारलं.

“हितं विसरत नाय,” ते म्हणाले. “लाइट आली का मोटार चालू करायला येतोच की. तवाच ह्याला बी लावायचं.”

शेजारी खिळ्याला स्टीलचा जुना टॉर्च टांगलेला होता. मी सहज बटण सरकवलं. पिवळा, मंद, पण लागला. आत नवे सेल होते.